सनद नसताना बार रूममध्ये

"बार असोसिएशनमधून ओळखी वाढव" हा सल्ला मला एलएलबीला प्रवेश घेतल्यावर जो तो देत होता. अडचण एवढीच की बार असोसिएशन वकिलांची असते. सभासदत्वाला सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, लागते, सनदेला पदवी लागते आणि पदवीला तीन वर्षं लागतात. अमेरिकन बार असोसिएशनमध्ये विद्यार्थ्यांचा स्वतंत्र विभाग आहे, इंटरनॅशनल बार असोसिएशनलाही विद्यार्थी सभासद चालतात. आमच्या जिल्हा वकील संघाच्या अर्जात मात्र सनद क्रमांकाचा रकाना आहे आणि तो कोरा ठेवून अर्ज कुणी घेत नाही. म्हणजे विद्यार्थ्याने बार रूममध्ये, कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, शिरायचं ते कुणाच्या तरी मागोमाग, कुणाच्या तरी फायली सांभाळत. मीही तशीच शिरले. आता सनद मिळालीये, सभासदही झालेय, म्हणून मधल्या काळात काय काय कळलं ते लिहून ठेवते.

माझ्या घरात वकील कुणी नाही. कायद्याकडे वळण्याआधी मी एका पतसंस्थेत वसुलीला होते. सहकार कायद्याच्या कलम 101 चे वसुली दाखले, न वटलेल्या चेकच्या फिर्यादी, जंगम जप्तीला बेलीफसोबत जाणं, हे सगळं केलेलं. त्यामुळे कोर्टाची इमारत परकी नव्हती. पण पक्षकारांच्या बाकावरून कोर्ट वेगळं दिसतं आणि वकिलांच्या टेबलापाशी उभं राहून वेगळं. पक्षकार म्हणून मला वाटायचं, हे दोघे आत्ता एवढे कडाकडा भांडले, आता एकमेकांचं तोंड बघणार नाहीत. बार रूममध्ये गेल्यावर कळलं की दोघे रोज एकाच टेबलाला डबा खातात.

आधी एक गोंधळ मिटवते, कारण शेवटच्या वर्षातली मुलंही तो करतात. बार कौन्सिल वेगळी आणि बार असोसिएशन वेगळी. कौन्सिल 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमधून आलेली. आपल्यासाठी ती बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा. सनद ती देते आणि वकिलाच्या गैरवर्तनाची तक्रारही तिच्याकडेच जाते. असोसिएशन, म्हणजे वकील संघ, ही त्या त्या कोर्टातल्या वकिलांनी मिळून चालवलेली संस्था. बार रूम, लायब्ररी, व्याख्यानं, कोर्टाच्या गैरसोयींबद्दल जिल्हा न्यायाधीशांना भेटणं, कुणी वारलं तर शोकसभा, ही तिची कामं. माणसं भेटतात ती इथे. कौन्सिलशी विद्यार्थ्याचा संबंध फॉर्म भरण्यापुरता.

ओळखी हा प्रकार वकिलीत एवढा का महत्त्वाचा, याचं उत्तर मला पुस्तकातच सापडलं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला 36 वा नियम आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. वकिलाला जाहिरात करता येत नाही. दलाल ठेवून काम मिळवता येत नाही. दारावरची पाटी माफक आकाराची हवी, आणि आपण असोसिएशनचे अध्यक्ष आहोत किंवा होतो, हेसुद्धा तिच्यावर लिहायचं नाही. 2008 मध्ये वेबसाइटला परवानगी मिळाली, पण नाव, पत्ता, फोन, सनद क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशी मोजकीच माहिती तिच्यावर चालते. मग काम यायचं कुठून? एक तर जुना पक्षकार नव्याला सांगतो, नाहीतर दुसरा वकील पाठवतो. दिवाणी करणारा फौजदारी काम घेत नाही, तो ते कुणाकडे तरी देतो. सेशन्स कोर्टात उलटतपास चालू असलेल्या वकिलाचा खालच्या मजल्यावर जेएमएफसी, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या, कोर्टात पुकारा होतो, तेव्हा तो कुणाला तरी फोन करतो, "जरा पासओव्हर घे रे," म्हणजे पुकारा थोडा मागे ठेवायला सांग. त्या 'कुणाला तरी'मध्ये आपलं नाव यावं, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. व्हिजिटिंग कार्ड वाटून ते येत नाही. विद्यार्थ्याने कार्ड छापलं तर वर हसतात, आणि खरं सांगायचं तर हसू द्यावं.

इंटर्नशिपचं थोडक्यात सांगते. 2008 च्या लीगल एज्युकेशन रूल्सप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20 आठवडे इंटर्नशिप लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि पूर्ण शिक्षणात एकदा तरी ट्रायल आणि अपिलाचं काम करणाऱ्या वकिलांकडे जावं लागतं. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात बरीच मुलं ओळखीच्या वकिलाकडून सर्टिफिकेट आणतात आणि एक दिवाणी, एक फौजदारी खटला बघून लिहायची जर्नल मागच्या वर्षीच्या मुलाकडून उतरवून काढतात. मला याचा राग नाही, नोकरी करून शिकणाऱ्यांची ओढाताण मी स्वतः ओढलीये. पण ती जर्नल लिहायला खरोखर कोर्टात बसलं तर जे मिळतं, ते दुसऱ्या कुठल्याच वाटेने मिळत नाही. रोज त्याच बाकावर तोच चेहरा दिसला की शिरस्तेदार, म्हणजे कोर्टाचे कारकून, विचारतात, "कोणाच्या ऑफिसच्या तुम्ही?" ओळख इथून सुरू होते.

ऑफिस निवडताना मी सगळ्यात मोठं नाव शोधलं नाही. मोठ्या नावाकडे सात-आठ ज्युनिअर असतात आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला झेरॉक्स येतं. मी बार रूमच्या लायब्ररीतल्या भाऊसाहेबांना विचारलं की पुस्तक मागायला स्वतः कोण येतं आणि कोण शिपाई पाठवतं. स्वतः येणाऱ्यांपैकी एका मॅडमकडे मी गेले. दिवाणी काम, वाटणीचे दावे, मनाईचे अर्ज, भाडेकरूंची प्रकरणं. मॅडम मला पहिल्या दिवशी म्हणाल्या, "कॉलेजात काय शिकवतात ते मला माहितेय. रोजनामा वाचता येतो का?" येत नव्हता. वाद ज्या पानावर असतो ते पान सोडून आधी रोजनामा, म्हणजे दर तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद, वाचायचा, की दावा कुठे अडकलाय ते कळतं, हे त्यांचं सूत्र.

बार रूमचे काही अलिखित नियम आहेत. खुर्च्या ठरलेल्या असतात. पंख्याखालची खुर्ची दिवसभर रिकामी दिसली तरी ती कुणाची तरी असते. विद्यार्थ्याने भिंतीकडेच्या बाकावर बसावं. बँड आणि गाऊन आपला नव्हे. इंटर्नला पांढरा शर्ट, काळा कोट, टाय एवढाच पोशाख, पण पक्षकाराला त्यातलं काही कळत नाही. काळा कोट दिसला की तो विचारतो, "वकीलसाहेब, यात पुढं काय होईल?" इथे तोंड बंद ठेवायचं आणि त्याला त्याच्या वकिलाकडे न्यायचं. सनद नसताना सल्ला देणारा विद्यार्थी बार रूममध्ये दोन दिवसांत माहीत होतो, आणि ती ओळख पुसता पुसत नाही. दुसऱ्याच्या टेबलावरची उघडी फाईल वाचायची नाही. एका ऑफिसात ऐकलेलं दुसऱ्या ऑफिसात बोलायचं नाही. समोरचा वकील तुमच्या मॅडमचा मित्र असला तरी त्या फायलीत तो विरुद्ध पक्षाचा आहे.

विद्यार्थ्याला कोर्टापुढे उभं राहता येत नाही, मग तो कामाचा कसा? बोर्ड, म्हणजे कोर्टाची त्या दिवसाच्या कामांची यादी, बघून. वकिलाच्या एका दिवशी चार कोर्टांत चार मॅटर असतात. बोर्डावर कितवा नंबर चालू आहे, साक्ष सुरू झाली की साहेब चेंबरमध्ये गेले, आधीच्या मॅटरमध्ये मुदत अर्ज आलाय की युक्तिवाद, हे बघून वेळेवर फोन करणारं कुणीतरी लागतं. मी आधी फक्त आमच्या ऑफिसच्या मॅटर बघायचे. मग शेजारच्या टेबलावरचे म्हणायला लागले, "ताई, आमचा सतरा नंबर पण बघता का?" बघायचे. पुढची तारीख आणि स्टेज कागदावर लिहून द्यायचे: से (समोरच्याचं म्हणणं) साठी, इश्यू (वादाचे मुद्दे) साठी, पुराव्यासाठी, काय ते नेमकं. तोंडी नाही, कारण कॉरिडॉरमध्ये सांगितलेली तारीख जिना उतरेपर्यंत बदलते. वकिलांच्या डायरीत माझ्या अक्षरातल्या तारखा गेल्या आणि त्या बरोबर निघत गेल्या. माझ्या बहुतेक ओळखींचं मूळ त्या चिठ्ठ्यांमध्ये आहे. वयस्क वकिलांना मी ई-कोर्ट्सचं अ‍ॅपही लावून दिलं. खटल्याचा 16 अक्षरी सीएनआर नंबर टाकून स्वतःच्या मॅटरची तारीख फोनवर पाहिल्यावर एक साहेब मला म्हणाले, "म्हणजे आता तू नकोस." नंतर फोनचा पासवर्ड विसरले की मलाच बोलवायचे.

मग 1 जुलै 2024 आला. भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे आयपीसी, सीआरपीसी आणि पुरावा कायद्याच्या जागी एकाच दिवशी लागू झाले, आणि आयुष्यभर कलमांचे आकडे तोंडावर असलेली माणसं एका रात्रीत विद्यार्थी झाली. बार रूमच्या कोपऱ्यात एक ज्येष्ठ वकील टायपिस्टला अटकपूर्व जामिनाचा अर्ज सांगत होते. वर्षानुवर्षं 438 म्हणणारं तोंड 438 च म्हणालं. टायपिस्ट थांबला. "साहेब, जुनं टाकू का नवीन?" साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मी बाकावरून म्हटलं, "सर, बीएनएसएस 482." बीएनएसएस म्हणजे नवी नागरिक सुरक्षा संहिता.

"482 म्हणजे हायकोर्टाची इन्हेरंट पॉवर, अंगभूत अधिकार," ते चष्म्यावरून बघत म्हणाले.

"ती 528 ला गेली, सर. अटकपूर्व 482, नेहमीचा जामीन 483."

"आणि 156(3), पोलिसांना तपासाचा आदेश?"

"175(3)."

"125 ची पोटगी?"

"144."

त्यांनी पुढे 164 चा जबाब विचारला, 167 चा रिमांड विचारला, 313 चा आरोपीचा जबाब विचारला. माझी उत्तरं 183, 187, 351. ही काही हुशारी नव्हती. आम्ही परीक्षेसाठी नव्या संहिता नुकत्याच घोकलेल्या, आणि आमच्या डोक्यात खोडायला जुनं फारसं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी एका कागदावर रोज लागणारी कलमं दोन रकान्यांत लिहिली, खाली ठळक अक्षरात टीप टाकली की गुन्हा 1 जुलैच्या आधीचा असेल तर कलम आयपीसीचंच लागेल, आणि झेरॉक्स काढून टेबलांवर ठेवल्या. गुन्हा जुना पण अर्ज नवा असेल तर प्रक्रिया कुठली, यावर बार रूममध्ये दोन तट पडले होते. त्यावर मी काही लिहिलं नाही, ते माझं काम नव्हतं. कागदावर मी नाव घातलं नव्हतं. टायपिस्टने त्याच्या टेबलावरच्या प्रतीवर पेनने 'ज्यु. मॅडम' लिहिलं आणि तो कागद भिंतीला चिकटवला. वकील संघाने नव्या कायद्यांवर व्याख्यानं ठेवली तेव्हा सचिवांनी आपणहून निरोप पाठवला की विद्यार्थ्यांनाही घेऊन या, मागच्या रांगेत बसा, प्रश्न मात्र वकिलांचे झाल्यावर.

या व्याख्यानांना जावं. व्याख्यानापेक्षा नंतरच्या अर्ध्या तासात जास्त मिळतं, पण त्या अर्ध्या तासात जाऊन "सर, मला तुमच्याकडे जॉइन व्हायचंय" म्हणू नये. व्याख्यानात ऐकलेल्या एखाद्या निकालाबद्दल विचारावं. चार दिवसांनी तो निकाल वाचून पुन्हा भेटावं. बहुतेक मुलं पहिला प्रश्न विचारतात आणि निकाल वाचत नाहीत, त्यामुळे वाचून आलेला लक्षात राहतो.

विद्यार्थ्याला हक्काने जाता येईल अशी एक जागा कोर्टाच्या आवारातच असते आणि तिकडे फारसं कुणी बघत नाही, ती म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. नाल्साच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, योजनेत विधीचे विद्यार्थी वकील होईपर्यंत पॅरा लीगल व्हॉलंटियर (विधी स्वयंसेवक) होऊ शकतात. राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी पॅनेलवर न्यायाधीश आणि वकील शेजारी शेजारी बसतात आणि विद्यार्थी पक्षकारांना योग्य टेबलापर्यंत पोचवत असतो. मी बँकांच्या दाखलपूर्व, म्हणजे अजून कोर्टात दाखल न झालेल्या, प्रकरणांच्या टेबलावर होते. कर्जदाराला किती सूट दिली तर तो उठून जात नाही, हे पतसंस्थेत शिकलेलं ज्ञान तिथे उपयोगी आलं, आणि त्या पॅनेलवरच्या वकिलांनी पुढे मला सहकार कायद्यातली कामं सांगायला सुरुवात केली. म्हणून सांगते, कायद्याच्या आधी जे काही केलं असेल ते लपवू नका. शेती केली असेल तर सातबारा, फेरफार तुम्हाला कळतो. मेडिकलच्या दुकानात काम केलं असेल तर ते कुणाला तरी कधी तरी लागतंच.

बॅचमेट हा भाग मुलं फार हलक्यात घेतात. सगळे वर बघत असतात, ज्येष्ठांकडे. ज्येष्ठ तुम्हाला उभं राहायला जागा देतील, पण वीस वर्षं समोरासमोर आणि शेजारीशेजारी काम करायचंय ते शेजारच्या बाकावरच्या मुलांबरोबर. आमच्यातली एक आता बँकेच्या लीगलला आहे, एक तालुका कोर्टात प्रॅक्टिस करतो, एक न्यायाधीशपदाच्या परीक्षेला बसतेय. तालुक्याच्या कोर्टात माझं काम निघालं की तो उभा राहतो, त्याचं जिल्ह्याला निघालं की मी. हिशोब कुणी ठेवत नाही, पण दोघांच्याही लक्षात असतो.

आता न आवडणारं. ओळखींवर चालणारी व्यवस्था ओळख नसलेल्याला बाहेर ठेवते. डॉ. आंबेडकर 1923 मध्ये लंडनहून बॅरिस्टर होऊन आले आणि मुंबईत वकिली सुरू केली, तेव्हा सॉलिसिटर मंडळी, म्हणजे बॅरिस्टरांकडे पक्षकारांची कामं सोपवणारे वकील, त्यांच्याकडे काम देत नव्हती. पदव्या कमी होत्या म्हणून नव्हे. शंभर वर्षांनी आडनाव विचारण्याची पद्धत गेली असं मी म्हणणार नाही. "कुठल्या तुम्ही?" हा प्रश्न बार रूममध्ये अजूनही कधी कधी गावाबद्दल नसतो. मुलींचं वेगळंच. मुलगा सिनिअरबरोबर संध्याकाळी सात वाजता ऑफिसात बसला तर होतकरू, मुलगी बसली तर बार रूममध्ये दोन वाक्यं जास्त बोलली जातात. त्यावर माझा उपाय साधा होता, ज्या ऑफिसात स्त्री वकील आहे तिथे जायचं आणि लेडीज बार रूममध्ये रोज थोडा वेळ बसायचं. कुठलं ऑफिस टाळायचं, ही माहिती तिथेच मिळते आणि ती कुठल्याही डायरीत छापलेली नसते. सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2024 ला सुप्रीम कोर्ट बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखायला सांगितलं. निर्णय त्या एका असोसिएशनपुरता होता, पण आमच्या लेडीज बार रूममध्ये त्यावर आठवडाभर चर्चा चालली.

पैशांचंही बोलायला हवं. ज्युनिअरला शहरात दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावं, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये परिपत्रक काढून सुचवलं. सुचवलं, बंधनकारक केलं नाही. आमच्याकडे हा आकडा निघाला की सिनिअर हसतात आणि ज्युनिअर खाली बघतात. म्हणून ओळखी वाढवताना एक प्रश्न स्वतःला विचारत राहावा की हे माझ्याकडून फुकट काम करून घेणं आहे की शिकवणं आहे. माझी फूटपट्टी अशी, जो सिनिअर स्वतःच्या ड्राफ्टमध्ये काय बदललं आणि का बदललं ते सांगतो, त्याच्यासाठी मी उशिरापर्यंत थांबले. जो फक्त "टाइप करून आण" म्हणाला, त्याच्याकडे इंटर्नशिप संपल्या दिवशी नमस्कार करून निघाले.

निकाल लागल्यावर सनदेचा फॉर्म भरला. 30 जुलै 2024 च्या निकालाचा फायदा आमच्या बॅचला मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी शुल्क कायद्यात लिहिलंय तेवढंच, म्हणजे खुल्या प्रवर्गाला 750 आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपयेच घेता येईल असं ठरवलं. मग वकील संघाचा अर्ज. त्यावर सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन सभासदांच्या सह्या लागतात. सूचक मॅडमच. अनुमोदकाच्या रकान्यात 482 वाल्या साहेबांनी सही केली आणि पेन परत देताना विचारलं, "सहकार न्यायालयात एक मॅटर आहे, बघतेस?" वकालतनाम्यावर माझं नाव त्यांच्या नावाखाली लागलं. वकिलांच्या वेल्फेअर फंडाचं तिकीट मीच चिकटवलं.

सध्या संघाची निवडणूक आलीये. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या बी. डी. कौशिक निकालापासून 'एक बार, एक मत' हे तत्त्व आहे, त्यामुळे दोन ठिकाणी सभासद असलेल्यांना कुठे मत देणार ते आधी लिहून द्यावं लागतं, आणि माझ्यासारख्या एकाच ठिकाणच्या नव्या सभासदांना भाव आलाय. उपाध्यक्षपदाच्या तिन्ही उमेदवारांचे फोन येऊन गेले. तिघांनाही मी एकच विचारलं, लायब्ररी सहानंतर उघडी ठेवाल का आणि इंटर्नना तिथे बसू द्याल का. दोघे म्हणाले, "बघू." तिसऱ्यांनी विचारलं, "किल्ली कोणाकडे ठेवायची?" माझं मत त्यांना.